प्रोव्हिजनल आणि कम्प्लीट: तारीख नेमकी कशाला मिळते?

‘आम्हाला प्रोव्हिजनल पेटंट मिळालंय’ हे वाक्य आता बंद व्हायला हवं. भारतात असं पेटंट नसतंच. प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं तात्पुरतं वर्णन, भरलं की हाती येतो अर्जाचा क्रमांक आणि तारीख, बस्स. त्या जोरावर खोक्यावर ‘पेटंट घेतलेले’ छापणं हा पेटंट कायद्याच्या कलम १२० चा भंग आहे. ‘पेटंट प्रलंबित’ लिहा.

कम्प्लीट, म्हणजे पूर्ण स्पेसिफिकेशन, बहुतेकांना माहीत असतं: सविस्तर वर्णन, आकृत्या, शेवटी क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागताय ते मुद्दे. प्रोव्हिजनलला क्लेम लागत नाहीत, त्याची तपासणीही होत नाही. फॉर्म २ दोन्हींना तोच. प्रोव्हिजनलपासून १२ महिन्यांत कम्प्लीट गेलं नाही तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं आणि ही मुदत वाढत नाही.

लोक फसतात ते पुढे. अर्ज केला म्हणजे अख्ख्या यंत्राला ती तारीख मिळाली, असं समजतात. तारीख यंत्राला मिळत नाही, कागदावर जे उतरलंय त्याला मिळते. कम्प्लीटमधल्या प्रत्येक क्लेमची तारीख वेगळी तपासली जाते: त्याचा आधार प्रोव्हिजनलमध्ये असेल तर जुनी, नसेल तर कम्प्लीट भरल्याची.

उसाचे डोळे काढायचं हातयंत्र घ्या. प्रोव्हिजनलमध्ये लिहिलं: दांडा, अर्धगोल पातं, पातं परत वर उचलणारी स्प्रिंग. चाचणीत दिसलं की बारीक उसात पातं फार खोल जातं आणि जाड उसात डोळा नीट सुटत नाही, म्हणून पाचव्या महिन्यात खोली कमी-जास्त करणारा स्टॉपर स्क्रू बसवला. सहाव्या महिन्यात यंत्र कृषी प्रदर्शनात मांडलं, अकराव्यात कम्प्लीट भरलं. दांडा-पात्याला प्रदर्शनाची बाधा नाही, कारण प्रोव्हिजनलमध्ये वर्णन केलेली गोष्ट नंतर उघड झाली तर कलम ३३ सांभाळून घेतं. स्टॉपरला ते कवच नाही. त्याची तारीख अकराव्या महिन्याची, आणि तो सहाव्यातच लोकांनी पाहिलेला. तारखेआधीच उघड झालेली गोष्ट नवी राहत नाही, म्हणून तुमचंच प्रदर्शन तुमच्या क्लेमवर उलटतं, आणि खरा शोध तर त्या स्टॉपरमध्येच होता. कलम ३१ मध्ये प्रदर्शनांना १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच. गावोगावच्या मेळाव्यांना ती लागू होत नाही.

उपाय साधा आहे. स्टॉपर बसला की तो लोकांसमोर नेण्याआधी दुसरं प्रोव्हिजनल भरा. व्यक्तीला किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये पडतं. पेटंट नियंत्रकाने मान्य केलं तर कलम ९ नुसार दोन्ही मिळून एकच कम्प्लीट देता येतं. मात्र १२ महिने पहिल्या प्रोव्हिजनलपासूनच मोजा.

अर्ध्या पानाचं प्रोव्हिजनल भरूच नये, या मतावर मी ठाम आहे. ‘खोली नियंत्रित करणारी यंत्रणा’ एवढ्यावर भागत नाही. स्क्रू, खाचा, कॅम असे पर्याय, मापांच्या मर्यादा आणि हाताने काढलेल्या का होईना, आकृत्या द्या. क्लेम लागत नसले तरी पाच-सहा लिहून पाहा. कुठला क्लेम वर्णनातून निघत नाही ते लगेच दिसतं, आणि तेवढंच वर्णनात भरायचं राहिलेलं असतं.

भारतातली तारीख धरून परदेशात अर्ज करायचे १२ महिनेही प्रोव्हिजनलच्याच तारखेपासून धावतात. कम्प्लीटपासून मोजणारे नेमके इथे चुकतात.