डिजिटल कॅमेऱ्याचा उत्पादनकाळ: खुणा आणि त्यांचा इतिहास

वापरलेला डिजिटल कॅमेरा विकत घेणाऱ्याला दोन तारखा बहुधा सहज मिळतात. ते मॉडेल बाजारात कधी आले हे कंपनीच्या घोषणेवरून कळते, आणि तो कॅमेरा पहिल्या मालकाने कधी घेतला हे, पावती जपून ठेवलेली असेल तर, पावतीवरून कळते. या दोहोंच्या मधली तारीख, म्हणजे तो कॅमेरा कारखान्यात प्रत्यक्ष कधी तयार झाला ही, बहुतेक कॅमेऱ्यांवर उघडपणे छापलेली नसते. ती कुठेच नोंदलेली नसते असे मात्र नाही. कॅमेरा बनवणाऱ्यांनी उत्पादनाचा काळ जवळजवळ नेहमीच नोंदला, पण तो स्वतःच्या कारखान्यासाठी आणि दुरुस्ती केंद्रांसाठी नोंदला, ग्राहकासाठी नव्हे. त्यामुळे कोणती खूण कोणी आणि कशासाठी केली हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावर किती विसंबावे हे ठरवता येत नाही.

ही तारीख केवळ संग्राहकांच्या हौसेची बाब नाही, हे ऑक्टोबर २००५ मध्ये ठळकपणे दिसून आले. सोनीने बनवलेल्या काही सीसीडी संवेदकांमध्ये, म्हणजे भिंगातून आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या चिपांमध्ये, दोष असल्याचे तेव्हा जाहीर झाले. हे संवेदक सोनीच्याच नव्हे, तर कॅनन, निकॉन, फुजी, ऑलिंपस, कोनिका मिनोल्टा अशा अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले होते. उष्ण आणि दमट हवेत संवेदकातील सूक्ष्म जोडण्या सुटत, चित्र विस्कटलेले किंवा जांभळट दिसे आणि अखेरीस पूर्ण काळे होई. दोष ठरावीक काळात तयार झालेल्या संवेदकांत होता. एकाच मॉडेलचे सर्व कॅमेरे सारखेच धोक्यात नव्हते. कोकण किनाऱ्यासारख्या, वर्षातले कित्येक महिने दमट असणाऱ्या प्रदेशात त्या पिढीचा कॅमेरा घेताना हा इतिहास ठाऊक असणे आजही उपयोगाचे आहे.

उत्पादनाचा काळ सांकेतिक रूपात लिहिण्याची रीत डिजिटल कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेच्या रॉचेस्टर शहरातील कोडॅक कंपनीने १९४० च्या दशकापासून आपल्या अनेक भिंगांच्या क्रमांकाआधी दोन अक्षरे कोरली. ‘कॅमेरॉसिटी’ या घडवलेल्या शब्दातील दहा इंग्रजी अक्षरांना एकपासून नऊ आणि शेवटी शून्य असे अंक दिलेले होते. त्या हिशेबाने ‘ई’ म्हणजे चार आणि ‘ओ’ म्हणजे सहा, म्हणून ‘ईओ’ अक्षरे असलेले भिंग १९४६ चे. स्वीडनच्या हॅसलब्लाडने हीच कल्पना ‘व्हीएच पिक्चर्स’ या अक्षरमालेतून राबवली. तेथे ‘टी’ म्हणजे सहा आणि ‘एच’ म्हणजे दोन असल्याने ‘टीएच’ने सुरू होणारा क्रमांक १९६२ चा ठरतो. सोव्हिएत संघातील झेनिट आणि कीव्ह कॅमेऱ्यांत तर संकेत जवळपास नव्हताच, कारण क्रमांकाचे पहिले दोन आकडे थेट वर्ष सांगत.

जपानमधील वाट थोडी वेगळी होती आणि ती अधिक फसवीही आहे. निकॉनच्या पहिल्या कॅमेऱ्याचे क्रमांक ६०९ या आकड्यांनी सुरू होतात आणि ते १९४६ च्या सप्टेंबरकडे बोट दाखवतात. पण तो आराखड्याचे काम सुरू झाल्याचा महिना आहे, कॅमेरा तयार झाल्याचा नव्हे. पुढे १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफचे क्रमांक ६४ ने सुरू झाले, आणि त्यामुळे तो कॅमेरा १९६४ चा आहे असा समज आजही विक्रीच्या जाहिरातींतून पसरतो. अनुक्रमांकातील आकडे वर्षासारखे दिसतात एवढ्यावरून ते वर्षच आहे असे मानणे किती धोक्याचे आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. निर्यातीसाठी मात्र जपानी कॅमेऱ्यांवर बाहेरच्या खुणाही येत. १९५२ मध्ये संपलेल्या परकीय ताब्याच्या काळात ‘व्याप्त जपानमध्ये निर्मित’ असे कोरलेले असे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या जपानी कॅमेरा तपासणी संस्थेने नंतर ‘उत्तीर्ण’ अशा अर्थाची लंबगोल सोनेरी चिकटपट्टी रूढ केली.

कॅननची पद्धत विशेष पाहण्याजोगी आहे, कारण ती फिल्मच्या युगातून डिजिटल युगात जशीच्या तशी चालत आली. भिंगाच्या मागच्या बाजूस दोन अक्षरे आणि काही आकडे असत. पहिले अक्षर कारखान्याचे, म्हणजे ‘यू’ असल्यास उत्सुनोमिया, ‘एफ’ असल्यास फुकुशिमा आणि ‘ओ’ असल्यास ओइता. दुसरे अक्षर वर्षाचे: १९६० साठी ‘ए’, पुढच्या वर्षासाठी ‘बी’, आणि सव्वीस अक्षरे संपल्यावर १९८६ पासून पुन्हा ‘ए’. त्यानंतरचे दोन आकडे महिन्याचे. म्हणजे ‘यूआर०९’ असे लिहिलेले भिंग उत्सुनोमियाचे आणि सप्टेंबरचे हे निश्चित. वर्ष १९७७ किंवा २००३. येथे केवळ संकेत पुरत नाही, वस्तूचे ज्ञान लागते. भिंग ईएफ जोडणीचे (भिंग कॅमेऱ्याला बसवण्याच्या कॅननच्या एका पद्धतीचे) असेल, तर ती जोडणीच १९८७ मध्ये आल्यामुळे ते २००३ चेच असले पाहिजे. पुढे दहा आकडी अनुक्रमांक आले आणि ही अक्षरे हळूहळू दिसेनाशी झाली.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाबतीत जुन्या रीतीकडे सुरुवातीला दुर्लक्ष झाले, त्याचे कारण व्यापारात आहे. पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा १९७६ पासून १९९७ पर्यंत तयार होत राहिला. एवढ्या लांब काळात आपला कॅमेरा नेमका कुठे बसतो हा प्रश्न त्याच्या मालकाला पडणे स्वाभाविक होते, आणि म्हणूनच फिल्म कॅमेऱ्यांच्या अनुक्रमांकांच्या याद्या संग्राहकांनी चिकाटीने तयार केल्या. १९९५ मध्ये मागच्या पडद्यासह आलेल्या कॅसिओ क्यूव्ही-१० नंतर खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांची लाट आली, तेव्हा मॉडेले वर्षभरात, कधी त्याआधीही, बदलू लागली. मॉडेलचे वर्ष कळले म्हणजे सारे कळले, असे तेव्हा वाटले. एसएलआर प्रकारच्या, म्हणजे भिंगातून येणारे दृश्य आरशाच्या साहाय्याने दाखवणाऱ्या, डिजिटल कॅमेऱ्यांबाबत ते खरे नव्हते, कारण ते कित्येक वर्षे तयार होत आणि गोदामात पडून त्यानंतरही विकले जात. पण तोपर्यंत याद्या करण्याची सवय मोडली होती.

दरम्यान तारीख दुसरीकडेच जाऊन बसली होती. जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योग संघटनेने १९९५ मध्ये एक्झिफ हे मानक प्रसिद्ध केले, ज्यानुसार प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्येच कॅमेऱ्याची कंपनी, मॉडेल, छायाचित्र घेतल्याची वेळ, छिद्रमान, शटरवेग अशी माहिती साठवली जाते. कॅमेऱ्याच्या अनुक्रमांकासाठी स्वतंत्र जागा २०१० च्या आवृत्तीत आली. मात्र मानकाने पहिल्यापासून एक मोकळा कप्पा निर्मात्यांसाठी राखून ठेवला होता. त्यात काय लिहावे आणि कसे लिहावे हे ज्या-त्या कंपनीने ठरवायचे आणि ते कोणाला सांगण्याचे बंधन नव्हते. कंपन्यांनी या कप्प्यात पुष्कळ काही लिहिले आणि त्यात अनेकांनी उत्पादनाची तारीखही लिहिली.

हा कप्पा सर्वांसाठी उघडला गेला तो कंपन्यांच्या औदार्याने नव्हे. कॅनडातील फिल हार्वी यांनी २००३ पासून विकसित केलेल्या एक्झिफटूल या विनामूल्य प्रणालीने, आणि हजारो कॅमेऱ्यांच्या फाइली एकमेकींशी ताडून पाहणाऱ्या हौशी लोकांनी, त्याचे बरेचसे वाचन शक्य केले. पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांत एक अंतर्गत क्रमांक असतो, जो तळावर छापलेल्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो. त्यातील पहिली तीन चिन्हे मॉडेलची खूण असतात, पुढचे सहा आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात आणि शेवटचे आकडे त्या नगाचा क्रम दाखवतात. फुजीच्या फाइलीतील लांबलचक क्रमांकातही सहा आकडी तारीख दडलेली असते. ऑलिंपसच्या सोळा आकड्यांत पाचवा अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि त्यापुढील दोन अंक महिन्याचे. येथे दहा वर्षांनी तोच अंक पुन्हा येतो, त्यामुळे मॉडेल कधी आले हे सोबत पाहावेच लागते. पेंटॅक्सने तर उत्पादनाची तारीख स्वतंत्रपणेच नोंदली. ज्या कंपन्यांच्या फाइलीत अशी तारीख वाचता येत नाही, त्यांच्या कॅमेऱ्यांचा काळ बाहेरच्या खुणांवरूनच काढावा लागतो.

फाइलीतील तारखेबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. पेंटॅक्सची ही नोंद दुरुस्तीनंतर बदललेली असू शकते, असे एक्झिफटूलच्या माहितीतच नमूद केलेले आहे. कारण साधे आहे. ही तारीख कॅमेऱ्याच्या धातूवर कोरलेली नसते, तर आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांत साठवलेली असते. ते भाग दुरुस्ती केंद्रात बदलले गेले, तर कवच जुने आणि तारीख नवी असे होऊ शकते. तेव्हा फाइलीतील तारीख आणि बाहेरचे पुरावे यांत मेळ नसेल, तर दोहोंपैकी एक खोटे आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. तो कॅमेरा कधीतरी उघडला गेला आहे, ही शक्यता आधी तपासावी. छायाचित्र घेतल्याची वेळ ही तर निराळीच बाब. ती कॅमेऱ्यातल्या घड्याळावर अवलंबून असते, आणि बॅटरी बराच काळ काढून ठेवली की अनेक कॅमेऱ्यांचे घड्याळ कारखान्यात ठरवलेल्या आरंभीच्या तारखेवर परत जाते. शटर किती वेळा उघडला याच्या मोजणीलाही बाजारात वयाइतकेच महत्त्व दिले जाते, पण ती वापर सांगते, वय नव्हे.

बाहेरच्या पुराव्यांमध्ये सर्वांत विश्वसनीय आणि सर्वांत दुर्लक्षित पुरावा म्हणजे तळावरील पट्टीवर आणि माहितीपुस्तिकेवर छापलेले कंपनीचे कायदेशीर नाव. व्यापारी नाव तेच राहते, कायदेशीर नाव बदलते, आणि ते ठरावीक दिवशी बदलते. पॅनासॉनिकच्या लुमिक्स कॅमेऱ्यावर मात्सुशिता इलेक्ट्रिक असे नाव असेल, तर तो १ ऑक्टोबर २००८ पूर्वीच्या व्यवस्थेतला आहे, कारण त्या दिवशी कंपनीचे नाव पॅनासॉनिक झाले. फुजी फोटो फिल्मची फुजीफिल्म ऑक्टोबर २००६ मध्ये झाली. पेंटॅक्स मार्च २००८ अखेर होया कंपनीत विलीन झाली, ऑक्टोबर २०११ मध्ये रिकोकडे गेली आणि ऑगस्ट २०१३ पासून रिको इमेजिंग हे नाव आले. कोनिका मिनोल्टाने २००६ च्या आरंभी कॅमेऱ्यांतून माघार घेतली, तर ऑलिंपसचा कॅमेरा व्यवसाय १ जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे आहे. आधी छापलेल्या पट्ट्या काही काळ वापरात राहू शकतात हे गृहीत धरूनही, या नावांवरून काळाची एक भक्कम चौकट मिळते.

तळावर असलेल्या इतर खुणाही पाहाव्यात. फुली मारलेल्या कचरापेटीचे युरोपीय चिन्ह आणि त्याखाली जाड आडवी पट्टी असेल, तर ती वस्तू १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आणल्याचे ती पट्टी सांगते. निर्मितीचा देशही बोलका असतो. निकॉनचे डी३१००, डी५१०० आणि डी७००० हे कॅमेरे थायलंडच्या अयुथ्थया प्रांतातील कारखान्यात तयार होत. ऑक्टोबर २०११ मधील महापुरात तो कारखाना पाण्याखाली गेला आणि पुढील वर्षाच्या सुरुवातीपासून काम हळूहळू पूर्ववत झाले, त्यामुळे मधल्या महिन्यांत तेथून येणारा ओघ आटला. त्याच वर्षी ११ मार्चच्या भूकंपाने निकॉनच्या सेंदाई येथील कारखान्याचेही काम थांबवले होते. कॅमेरा दुरुस्तीसाठी उघडला असेल, तर आतल्या चिपांवर अनेकदा वर्ष आणि आठवडा दर्शवणारे चार आकडे सापडतात. मुळात बसवलेल्या सर्व भागांपैकी सर्वांत अलीकडच्या भागाच्या आधी तो कॅमेरा तयार झालेला असू शकत नाही.

भारतातील खरेदीदाराला आणखी एक आधार आहे, जो इतर अनेक देशांत मिळत नाही. आवेष्टित वस्तूंबाबतच्या २०११ च्या नियमांनुसार खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव व पत्ता आणि महिना-वर्ष देणे बंधनकारक झाले. १९७७ पासूनही अशाच स्वरूपाचे नियम होते. त्यामुळे परदेशातून आलेल्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर आयातदाराने लावलेली पांढरी चिकटपट्टी असते. ही पट्टी वाचताना घोटाळा होतो तो महिन्याच्या अर्थाबाबत. मूळ नियमांत उत्पादन, वेष्टन किंवा आयात यांपैकी एकाचा महिना चालत असे आणि आयात मालावर बहुधा आयातीचा महिना छापला जाई. विक्रेते तोच महिना ‘मॅन्युफॅक्चरिंग’ म्हणून सांगतात, तेव्हा पट्टीवर त्या आकड्याआधी नेमके काय लिहिले आहे हे स्वतः वाचावे. आयातीचा महिना ही उत्पादनाची वरची मर्यादा आहे. त्या महिन्यानंतर तो कॅमेरा तयार झालेला नाही एवढेच तो सांगतो. मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजारासारख्या ठिकाणी अधिकृत आयातीचे आणि ग्रे मार्केटचे, म्हणजे कंपनीच्या अधिकृत आयातदाराला वगळून आलेले, असे दोन्ही प्रकारचे कॅमेरे दीर्घकाळ विकले गेले आहेत. ज्या खोक्यावर अशी पट्टीच नाही, तो कॅमेरा अधिकृत मार्गाने आलेला नसण्याची शक्यता मोठी असते.

खोके बहुधा हरवलेले असते, म्हणून प्रत्यक्षात फाइलीकडेच वळावे लागते, आणि तेथे एक व्यावहारिक अडचण येते. विक्रेता नमुन्याचे छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवतो, तेव्हा ते लहान केले जाते आणि त्यातील एक्झिफची माहिती निघून जाते. तेच छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितले, किंवा ईमेलने मूळ फाइल मागवली, तर निर्मात्याच्या कप्प्यासह सर्व माहिती शाबूत राहते. ते छायाचित्र कोणत्याही प्रणालीत संपादित न केलेले, थेट कार्डावरून घेतलेले असावे, आणि त्यातील कॅमेऱ्याचा अनुक्रमांक नोंदलेला असेल तर तो तळावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा, कारण त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कॅमेऱ्याची फाइल पाठवली गेली असल्यास ती तारीख त्या दुसऱ्या कॅमेऱ्याची असेल.