बक्षीस आणि माकडाची नजर

अमुक दिशेला पाहिले की काही खायला-प्यायला मिळते, असा अनुभव आलेले माकड त्या दिशेकडे नजर लवकर आणि वेगाने वळवते. बक्षिसाच्या अपेक्षेचा डोळ्यांच्या हालचालींवर व अवधानावर होणारा हा परिणाम मज्जाविज्ञानात मुख्यतः माकडांवरील प्रयोगांतून उलगडला.

महाबळेश्वरच्या पॉइंटांवरची माकडे माणसाच्या तोंडाकडे कमी आणि हातातल्या पिशवीकडे जास्त पाहतात, हे सातारकरांना सांगावे लागत नाही. मात्र ती दक्षिण भारतातली, डोक्यावर केसांची टोपी असलेली जात (मकाका रेडिएटा). प्रयोगशाळांत बहुधा उत्तरेकडची ऱ्हीसस माकडे असतात. शिवाय पॉइंटवरचे माकड मान, अंग सगळेच वळवते. नुसत्या नजरेचा हिशेब मांडायचा तर डोके स्थिर ठेवून पडद्यावरचे ठिपके पाहायला शिकवावे लागते आणि बरोबर पाहिल्यावर रसाचे किंवा पाण्याचे थेंब द्यावे लागतात.

मज्जाशास्त्रज्ञ ओकिहिदे हिकोसाका व सहकाऱ्यांचा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे महत्त्वाचा. ठिपका चमकून जाई. त्याची जागा लक्षात ठेवून थोड्या वेळाने तिकडे पाहायचे. बक्षीस मात्र एकाच दिशेला. बाकीच्या दिशांनाही बरोबर पाहिल्याशिवाय पुढची खेप येत नसे, तरी तिकडे नजर रेंगाळतच जाई. बक्षिसाची दिशा बदलली की मेंदूच्या तळाशी असलेल्या कॉडेट केंद्रकातील अनेक पेशींचा कलही बदले. एरवी सबस्टॅन्शिया नायग्रा या मेंदूतल्याच दुसऱ्या केंद्राचा एक भाग सुपीरियर कॉलिक्युलस या नजर वळवणाऱ्या केंद्राला सतत दाबून ठेवतो. कॉडेटकडून संदेश आला की हा दाब सैल होतो आणि डोळा सुटतो.

मायकेल प्लॅट आणि पॉल ग्लिमचर यांना १९९९ मध्ये मेंदूच्या वरच्या-मागच्या बाजूच्या पार्श्विक (पॅरायटल) भागातील पेशींतही अपेक्षित लाभाचा माग दिसला. पण या पेशी लाभ मोजतात की लक्ष? लाभ मोठा असला की माकड लक्षही जास्त देणारच, तेव्हा दोन्ही परिणाम एकाच मापात मिसळतात, अशी रास्त शंका जॉन मॉन्सेल यांनी २००४ मध्ये उपस्थित केली. पुढे जॅकलीन गॉटलीब यांच्या गटाने (२००९) बक्षिसाची खूण आणि नजर टाकायची जागा वेगवेगळी ठेवली. खुणेच्या जागेचा आणि उत्तराचा काही संबंध नव्हता. तरीही लाभाच्या खुणेने लक्ष ओढले, ‘काही मिळणार नाही’ सांगणाऱ्या खुणेने ते दूर लोटले.

बक्षीस खाण्याचेच असते असे नाही. नर ऱ्हीसस माकडे कळपातल्या वरच्या दर्जाच्या माकडांचे चेहरे पाहायला मिळावेत म्हणून थोडा रस सोडायला तयार होतात, असे २००५ मध्ये आढळले. खालच्या दर्जाचे चेहरे दाखवायचे तर उलट जादा रस द्यावा लागला!

सवयीचा भाग वेगळा. ज्या चित्रांसोबत दिवसामागून दिवस भरपूर रस मिळाला, त्यांच्याकडे माकडाची नजर बक्षीस बंद झाल्यावरही आधी जाते आणि ही ओढ महिनोन्‌महिने टिकते. तिचा संबंध कॉडेटच्या शेपटीकडील भागाशी लावला जातो. क्षणाक्षणाला बदलणारे मोल मुख्यतः कॉडेटच्याच डोक्याकडील भागात नोंदले जाते.