पदपथ, झेब्रा क्रॉसिंग, सायकल मार्ग: महापालिकेकडून मंजूर कसं करून घ्यायचं? अर्ज, कागदपत्रं आणि फाईलचा प्रवास

चौकात रस्ता ओलांडता येत नाही, पदपथ मध्येच संपतो, शाळेसमोर गाड्यांचा वेग कमी होत नाही. असं गाऱ्हाणं घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलं की "अर्ज देऊन ठेवा" असं सांगतात. अर्ज दिला जातो आणि पडून राहतो. याचं एक कारण अर्जातच असतं. "आमच्या इथे गतिरोधक बसवावा" या एका ओळीवर कनिष्ठ अभियंत्याला टिपणी लिहिता येत नाही, आणि टिपणीशिवाय फाईल तयार होत नाही. महाराष्ट्रातल्या महापालिका हद्दीत अशी कामं मंजूर कशी होतात आणि अर्जदाराने काय तयारी करावी, ते इथे सांगतो. नगरपरिषदेतही वाट साधारण हीच आहे, फक्त टेबलं कमी.

विषय किरकोळ नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतले 32,825 पादचारी होते.

आधी शोधा: रस्ता कोणाचा?

सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. शहरातून जाणारा प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, काही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, काही राज्य रस्ते विकास महामंडळाकडे (एमएसआरडीसी), औद्योगिक वसाहतीतले एमआयडीसीकडे. लेआउटमधला अंतर्गत रस्ता महापालिकेकडे हस्तांतरितच झालेला नसेल, तर तिथे सार्वजनिक निधी खर्च करायला लेखा विभाग हमखास हरकत घेतो. पथ विभागातल्या उपअभियंत्याला विचारलं तर तोंडी उत्तर मिळतं. लेखी हवं असेल तर माहितीच्या अधिकारात "अमुक ते अमुक चौक या रस्त्याची देखभाल कोणत्या यंत्रणेकडे आहे" एवढंच विचारा. महामार्गाचा मुख्य रस्ता एकाकडे आणि सेवा रस्ता दुसऱ्याकडे अशीही वाटणी असते. तेव्हा अर्ज दोन्हीकडे द्या आणि दोन्ही अर्जांत एकमेकांचा उल्लेख करा.

अर्ज कोण करू शकतं?

कोणीही. मतदारयादीत नाव असण्याची, घर स्वतःचं असण्याची किंवा मालमत्ताकराची पावती असण्याची अट नाही. शुल्कही नाही. भाडेकरू, त्या रस्त्याने कामाला जाणारा सायकलस्वार, शाळेचे मुख्याध्यापक, सोसायटीचे सचिव, ज्येष्ठ नागरिक संघ, कोणीही साध्या कागदावर अर्ज देऊ शकतं. तरीही व्यवहार सांगतो. एका माणसाचा अर्ज ही "तक्रार" ठरते. शाळा, दोन सोसायट्या आणि पलीकडचं रुग्णालय यांचा एकत्रित अर्ज "मागणी" ठरतो. शंभर सह्या गोळा करण्यापेक्षा वेगवेगळ्या संस्थांची तीन लेटरहेड जास्त कामाला येतात.

उपाय ठरवू नका, अडचण मोजून द्या

अनेकांना हे पटत नाही, पण मागणी जितकी विशिष्ट तितकी ती नाकारायला सोपी. गतिरोधक मागितला आणि रस्ता बसमार्ग असला, तर "बसमार्गावर गतिरोधक देता येत नाही" एवढ्या शेऱ्यावर फाईल बंद होते. "इथे रस्ता ओलांडताना धोका आहे, खालील आकडे पाहून योग्य उपाययोजना करावी" असं लिहिलं तर उत्तर देणाऱ्याला पर्याय उरतात: उंचावलेलं क्रॉसिंग, दुभाजकात थांबायला जागा, वळणाची त्रिज्या कमी करणं, सिग्नल, पार्किंगबंदी.

आकडे कोणते? अभियंते इंडियन रोड्स काँग्रेसचे (आयआरसी) संकेत, म्हणजे रस्त्यांचे तांत्रिक मानदंड वापरतात. पादचारी सुविधांसाठी आयआरसी 103, सायकल मार्गासाठी आयआरसी 11, वेग कमी करण्याच्या उपायांसाठी आयआरसी 99. सिग्नलसारखं नियंत्रित क्रॉसिंग द्यायचं की नाही, यासाठी आयआरसी 103 मध्ये एक साधं गणित आहे. गर्दीच्या तासात रस्ता ओलांडणारे लोक गुणिले वाहनसंख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार 10 कोटींच्या वर, दुभाजक असलेल्या रस्त्यावर 20 कोटींच्या वर गेला, तर मागणीला आधार मिळतो. समजा तासाला 200 माणसं ओलांडतात आणि 800 वाहनं जातात. 200 गुणिले 800 गुणिले 800 म्हणजे 12 कोटी 80 लाख. दुभाजक नसेल तर निकष पूर्ण झाला.

या मोजणीला दोन माणसं, वही-पेन आणि कामाच्या दिवसाची सकाळ-संध्याकाळ लागते. दर पंधरा मिनिटांचे आकडे वेगळे लिहा, वाहनांचे प्रकार वेगळे, आणि ओलांडणाऱ्यांत मुलं, वृद्ध, सायकल हातात धरून जाणारे वेगळे. महापालिका नंतर स्वतःची मोजणी करेल, करूही द्या. पण तुमची मोजणी जोडलेली असली की "आवश्यकता वाटत नाही" असा शेरा मारणं अवघड होतं.

हे गणित एका बाबतीत अन्याय करतं, तेही माहीत असू द्या. रस्ता इतका धोकादायक असेल की तिथून कोणी ओलांडतच नाही, तर माणसांचा आकडा लहान येतो. अशा ठिकाणी लोक किती लांबचा वळसा घेतात, बस थांबा कुठे आहे, शाळेचं फाटक कुठे आहे, हे नकाशावर दाखवावं लागतं.

पदपथाबाबत टेप लावून मोजा. संकेतानुसार चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. कागदावर दोन मीटरचा पदपथ असतो, त्यातला विजेचा डीपी बॉक्स, झाड आणि जाहिरातीचा खांब वजा केला की साठ सेंटिमीटर उरतात. ती उरलेली रुंदी लिहा.

सायकलच्या बाबतीत अर्जदार बहुतेक वेळा "सायकल ट्रॅक करावा" एवढंच मागतात. खरा धोका चौकात असतो, जिथे ट्रॅक संपतो आणि सायकलस्वार डावीकडे वळणाऱ्या वाहनांच्या तोंडी येतो. म्हणून ट्रॅक कुठे तुटतो, बस थांब्यावर काय होतं, उतार आहे की पायरी, दुचाक्या अडवायला लावलेल्या खांबांमधून व्हीलचेअर जाते का, पावसाळी गटाराच्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने आहेत की आडव्या, हे टिपा. जाळी बदलणं देखभालीतलं काम आहे, त्यासाठी वेगळी मंजुरी सहसा लागत नाही. ते पहिल्याच महिन्यात मागून घ्या.

अपघातांची माहिती वाहतूक शाखेकडून किंवा पोलीस ठाण्याकडून मिळते. मागच्या तीन कॅलेंडर वर्षांची यादी मागा. तारीख, वेळ, ठिकाण, वाहनाचा प्रकार पुरे. जखमींची नावं अर्जात घालू नका. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले असतील तर ते ठिकाण "ब्लॅक स्पॉट" धरलं जातं. तुमचं ठिकाण या व्याख्येत बसत असेल तर मागणी पहिल्याच परिच्छेदात तशी मांडा.

काय काय जोडायचं

अर्जदाराचं नाव, पत्ता, मोबाईल. संस्था असेल तर लेटरहेड आणि ठरावाची प्रत. ठिकाणाचा नकाशा, मोबाईलवरच्या नकाशाची छापील प्रत चालते, त्यावर पेनाने क्रॉसिंग, शाळा, थांबा दाखवा. तारीख-वेळ छापलेली चार-पाच छायाचित्रं, वीस नकोत. मोजणीचा तक्ता. अपघातांची यादी मिळाली असेल तर ती. आधी दिलेल्या अर्जांच्या पोचा. आधार कार्डाची प्रत कोणी मागितली तरी या कामासाठी तिची गरज नाही.

अर्जाचा मजकूर एका पानात बसवा:

"विषय: अमुक चौकात पादचारी व सायकलस्वारांसाठी सुरक्षित क्रॉसिंग उपलब्ध करून देणेबाबत. महोदय, सदर ठिकाणी दि. … रोजी सकाळी 8 ते 9 या वेळेत … पादचारी व … वाहनांची नोंद झाली (तक्ता सोबत). मागील तीन वर्षांत … अपघात झाले आहेत. तरी वाहतूक शाखेसोबत संयुक्त स्थळपाहणी करून आयआरसी 103 व आयआरसी 99 नुसार योग्य उपाययोजना प्रस्तावित करावी, आणि पाहणीच्या दिनांकाची माहिती अर्जदारास द्यावी."

यातलं "संयुक्त स्थळपाहणी" सोडू नका. महापालिका आणि पोलीस वेगवेगळ्या दिवशी येऊन गेले तर दोघांचे अभिप्राय जुळत नाहीत.

मूळ अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, प्रती पथ विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला आणि वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.

फाईल कुठून कुठे जाते

मंजुरी एका माणसाच्या हातात नसते. रस्ता बांधणं आणि राखणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार महापालिकेचं बंधनकारक काम. मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे. वाहतुकीवर निर्बंध मात्र पोलिसांकडून येतात. एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना बंदी, नो पार्किंग, यांसाठी पोलीस उपायुक्त मोटार वाहन अधिनियम, 1988 ची कलमं 115, 116 आणि 117 यांखाली आदेश काढतात. बऱ्याचदा तो आधी प्रायोगिक तत्त्वावर असतो आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. इथे समर्थनाचं पत्र देणं लोक विसरतात. विरोध करणारे दुकानदार विसरत नाहीत.

पालिकेत कनिष्ठ अभियंता पाहणी करून टिपणी आणि पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता मिळते, मग लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या त्या कामाच्या खात्यात) तरतूद आहे का ते तपासून प्रशासकीय मान्यता. ठरलेल्या रकमेपर्यंत आयुक्तांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांचा अधिकार, त्यापुढे निविदा आणि स्थायी समिती. पट्टे रंगवणं, फलक लावणं, खांब बसवणं हे चालू देखभालीच्या ठेक्यात बसतं. पदपथ रुंद करणं किंवा नवा सायकल मार्ग हे भांडवली काम आहे, त्याला वर्ष लागलं तर नवल नाही. म्हणून अर्जातच दोन टप्पे मागा: तात्पुरते उपाय आता, कायमचं काम पुढच्या अंदाजपत्रकात.

अंदाजपत्रकाचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, पण तरतुदी ठरतात त्याच्या कितीतरी आधी. दिवाळीपूर्वी प्रस्ताव गेला तर आशा आहे. फेब्रुवारीतला अर्ज पुढच्या वर्षात ढकलला जातो. पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत 2006 पासून आहे, तिथे पदपथासारखी छोटी कामं थेट सुचवता येतात. नगरसेवकाचं शिफारसपत्र सक्तीचं नाही. तरतूद मिळवताना ते उपयोगी पडतं, हे मात्र खरं.

वाटेत तीन गोष्टी काम अडवतात. झाड मध्ये येत असेल तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पदपथावर परवानाधारक पथविक्रेते असतील तर 2014 च्या कायद्यामुळे नगर पथविक्रेता समितीचा विषय होतो, "अतिक्रमण हटवा" एवढं लिहून भागत नाही. आणि खालून जलवाहिनी किंवा केबल जाणार असेल तर त्या विभागाचं काम आधी व्हावं लागतं, नाहीतर नवा पदपथ दोन महिन्यांत उखडला जातो.

वैतागून सोसायटीने स्वतःच सिमेंटचा उंचवटा घालणं, हे करू नका. ते बेकायदा आहे आणि अंधारात त्यावर सायकलस्वार आणि दुचाकीस्वारच आपटतात. आयआरसी 99 मधला प्रमाणित उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच असतो. घरगुती उंचवट्यांशी त्याचं काही नातं नाही.

उत्तर आलं नाही तर

महिनाभर वाट पाहून स्मरणपत्र, जुना आवक क्रमांक टाकून. त्यानंतर लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायचा दिवस: महिन्याच्या पहिल्या सोमवारी, अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी. "आपले सरकार" पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला प्रत दिली तर दोन यंत्रणांमधला वाद तिथे सुटण्याची शक्यता असते.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. उत्तराची मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर देणं बंधनकारक नाही. "माझ्या आवक क्रमांक … च्या अर्जावरील टिपणी, स्थळपाहणी अहवाल व वाहतूक शाखेच्या अभिप्रायाच्या प्रती द्याव्यात" असं मागा.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 198अ काही जण अर्जात धमकीसारखं वापरतात. रस्त्याच्या रचनेचे मानदंड न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असं ते सांगतं. स्मरणपत्रात एका वाक्यात उल्लेख पुरे. पहिल्याच अर्जात घातलं तर अभियंता सावध होतो आणि फाईल विधी विभागाच्या अभिप्रायासाठी जाते, तिथून ती लवकर परत येत नाही.

काम सुरू झाल्यावर कार्यादेशाची (ठेकेदाराला दिलेल्या कामाच्या आदेशाची) प्रत मागून घ्या. त्यात मोजमापं आणि दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत पट्टे पुसले, फरशी खचली किंवा उताराऐवजी पायरी राहिली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, नव्या तरतुदीची वाट पाहावी लागत नाही. फक्त तक्रार त्या मुदतीच्या आत, लेखी आणि छायाचित्रासह गेली पाहिजे.