रजिस्ट्री करार आणि धोरणनिर्मिती (डोमेन नाव प्रशासन)

डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन्फो यांसारख्या उच्चस्तरीय डोमेनांचे नियम दोन वाटांनी ठरतात. रजिस्ट्री (एखाद्या डोमेनातील सर्व नावांची मूळ नोंद सांभाळणारी संस्था), रजिस्ट्रार (ग्राहकांना ती नावे नोंदवून देणारी कंपनी), व्यापारी आणि बिगरव्यापारी वापरकर्ते जीएनएसओ या मंडळात चर्चा करून सहमतीचे धोरण आखतात, ही पहिली वाट. जीएनएसओ जिचा भाग आहे ती, 1998 मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली आणि जगभरातील डोमेन नावांचा समन्वय करणारी आयकॅन ही संस्था प्रत्येक डोमेनाच्या रजिस्ट्रीशी स्वतंत्र करार करते, ही दुसरी. धोरणाने ठरवायची गोष्ट करारात उरकली जाते, तेव्हा या दोहोंत संघर्ष उभा राहतो. डॉट इन आणि डॉट भारत सांभाळणाऱ्या निक्सीसारख्या राष्ट्रीय रजिस्ट्रींना हे करार लागू नाहीत.

संघर्षाचे मूळ खुद्द करारातच आहे. सहमतीचे धोरण करारानंतर संमत झाले तरी ते पाळणे रजिस्ट्रीला बंधनकारक असते. मात्र अशा धोरणाचे विषय करारानेच आखून दिलेले आहेत. डोमेन व्यवस्थेचे स्थैर्य व सुरक्षितता आणि नावांवरील वाद असे विषय त्या कुंपणाच्या आत येतात. रजिस्ट्री सेवेची किंमत आणि कराराच्या नूतनीकरणाच्या अटी यांना धोरणाने हात लावू नये, असे करार स्पष्टपणे सांगतो. परिणामी नावधारकाच्या खिशाशी थेट संबंध असलेले प्रश्न केवळ वाटाघाटींच्या टेबलावर सुटतात, आणि त्या टेबलावर नावधारकाला जागा नसते. करारातून तिऱ्हाइताला कोणताही हक्क मिळत नाही, असे कलमही त्यात असते.

फेब्रुवारी 2006 मध्ये जीएनएसओने कराराच्या अटींबाबत धोरणप्रक्रिया हाती घेतली. तिचा निष्कर्ष येण्याआधी, त्याच महिन्याच्या अखेरीस, आयकॅनच्या संचालक मंडळाने डॉट कॉमची रजिस्ट्री असलेल्या व्हेरिसाइनबरोबरच्या करारास मंजुरी दिली. व्यापारचिन्हांच्या बाबतीतही असेच झाले. व्यापारचिन्हाचा भंग करणारे नाव तातडीने निलंबित करण्याची यूआरएस ही पद्धत 2012 पासूनच्या नव्या डोमेनांसाठी तयार केलेली होती. जुन्या डोमेनांना ती लावावी असे कोणतेही सहमतीचे धोरण नसताना 2015 मध्ये डॉट ट्रॅव्हल, डॉट कॅट आणि डॉट प्रो यांच्या नूतनीकरण करारांत ती घातली गेली. रजिस्ट्रींनी ती स्वेच्छेने स्वीकारली, असे आयकॅनचे म्हणणे होते. हे म्हणणे अपुरे आहे, कारण नूतनीकरणासाठी समोर बसलेल्या पक्षाची स्वेच्छा कितपत मोकळी असते, हा खरा प्रश्न आहे.

सर्वांत मोठा वाद डॉट ऑर्गचा. स्वयंसेवी संस्था मोठ्या प्रमाणावर वापरत असलेल्या या डोमेनात एक कोटीहून अधिक नावे होती आणि रजिस्ट्री रजिस्ट्रारांकडून घेते तो घाऊक दर वर्षाला जास्तीत जास्त 10 टक्के वाढवता येत असे. 2019 च्या नूतनीकरणात ही मर्यादा काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. त्यावर तीन हजारांहून अधिक अभिप्राय आले आणि त्यांतील बहुसंख्य विरोधी होते. तरीही 30 जून 2019 रोजी मर्यादेविना करार झाला. नव्या डोमेनांच्या प्रमाण करारात दरमर्यादा नाही, तेव्हा सर्वांना एकच नमुना असावा, हे कारण देण्यात आले. परंतु नवे डोमेन ग्राहक शोधत असते, तर जुन्या डोमेनातील ग्राहक आधीच बांधलेला असतो. त्याला रजिस्ट्रार बदलता येतो, रजिस्ट्री बदलता येत नाही; पत्ता सोडायचा तर जुने दुवे आणि ईमेल सगळेच सोडावे लागते. दरवाढीपूर्वी सहा महिन्यांची सूचना आणि जुन्या दराने दहा वर्षांपर्यंत नोंदणी वाढवण्याची मुभा ही करारातील तरतूद दिलासा देते खरी, पण दरावर लगाम घालत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉट ऑर्गची रजिस्ट्री इथॉस कॅपिटल या खासगी गुंतवणूक कंपनीला 1.135 अब्ज डॉलरना विकण्याची घोषणा झाली. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी आक्षेप घेतल्यावर 30 एप्रिल 2020 रोजी आयकॅनने हस्तांतरास संमती नाकारली. दरमर्यादा हटवण्याविरुद्ध नेमचीप या रजिस्ट्रारने स्वतंत्र पुनर्विलोकन मागितले होते. डिसेंबर 2022 मध्ये लवादाने डॉट ऑर्ग आणि डॉट इन्फो यांच्या मर्यादा हटवताना आयकॅनने स्वतःच्या उपविधींचा भंग केल्याचा निर्णय दिला. मर्यादा पुन्हा लागू करण्याचा आदेश मात्र त्यात नव्हता. दरमर्यादा सार्वजनिक हिताची आहे काय हे तपासावे, अशी शिफारस होती.