विजया : भांग-गांजाचे औषधी उपयोग, नाशिकच्या संदर्भात

भांग, गांजा आणि चरस ही एकाच वनस्पतीची तीन रूपे. शास्त्रीय नाव कॅनाबिस सटायव्हा, कुल कॅनाबेसी. पान ती भांग, मादी झाडाचा फुलोरा तो गांजा आणि फुलोऱ्यावर साचणारी चिकट राळ तो चरस. आयुर्वेदात हिला विजया म्हणतात, भंगा असेही म्हणतात. (केसांचा तो भांग आणि घोटायची ती भांग, मराठी माणसाला लिंगावरूनच फरक कळतो.) नाशिककराला ही वनस्पती नवखी नाही. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला धुनीपुढे बसलेल्या साधूंची चिलीम त्याने पाहिलेली असते, महाशिवरात्रीची भांगेची थंडाई निदान ऐकून माहीत असते आणि पेपरात गांजा पकडल्याची बातमी अधूनमधून येतच असते. औषध म्हणून तिच्याकडे पाहताना हे सगळे डोक्यात असतेच. घरात फिट येणारे मूल असले किंवा कॅन्सरने कण्हणारे माणूस असले, की कोणीतरी हमखास म्हणते, "साधू एवढी ओढतात, त्यांना कुठे काय होतं? थोडी देऊन बघा." या "थोडी"चे उत्तर ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये देता आले तरच ते औषध. पुढचे सगळे विवेचन त्या हिशेबाने केले आहे.

झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड द्रव्ये सापडली आहेत. औषधाच्या दृष्टीने दोन महत्त्वाची. टीएचसी नशा आणते, भूक वाढवते, मळमळ थांबवते, वेदना बोथट करते. सीबीडी नशा आणत नाही, पण काही प्रकारच्या अपस्मारात (फिटच्या आजारात) झटके कमी करते. इस्रायली रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये सीबीडीची आणि १९६४ मध्ये टीएचसीची रचना उलगडली. पुढे १९८८ मध्ये मेंदूत टीएचसीला धरून ठेवणारे ग्राही सापडले, आणि शरीर स्वतःही असेच एक द्रव्य तयार करते हे १९९२ मध्ये कळले. त्या द्रव्याला नाव दिले आनंदामाइड. त्यातला "आनंद" थेट संस्कृतातला. हे ग्राही मेंदूत, आतड्यांत आणि इतरत्रही असल्यामुळे एकच वनस्पती भूक, झोप, वेदना, स्मरण आणि भीती या सगळ्यांत हात घालते. तिचा उपयोग यातूनच निघतो आणि उपद्रवही.

आयुर्वेदातील स्थान

शार्ङ्गधरसंहितेत "व्यवायी" द्रव्याचे उदाहरण म्हणून भंगा आणि अफू यांची नावे येतात. व्यवायी म्हणजे आधी सर्व शरीरात पसरणारे आणि मग पचणारे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात भंगा कफहर, तिक्त, ग्राही (इथे मल बांधणारी), पाचक, लघु, तीक्ष्ण, उष्ण आणि पित्तकर सांगितली आहे. ती मोह, वाणी आणि अग्नी वाढवते असेही म्हटले आहे. यातले "ग्राही" आणि "अग्नी वाढवणारी" हे दोन शब्द थांबून वाचावेत. कॅनाबिनॉइडमुळे आतड्यांची हालचाल मंदावते हे आता प्रयोगांतून माहीत आहे, आणि एड्सच्या रुग्णांची भूक वाढावी म्हणून टीएचसीच्या गोळीला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. जुन्या वैद्यांचे निरीक्षण चोख होते. ग्रहणीसाठी, म्हणजे जुनाट जुलाबांसाठी, दिल्या जाणाऱ्या जातीफलादी चूर्णात भांग आहे ती याच अनुभवावर.

तरीही वैद्यांनी तिला निरुपद्रवी कधीच मानले नाही. तिची गणना उपविषांत (सौम्य विषांत) होते आणि शोधन, म्हणजे शुद्धीची प्रक्रिया, केल्याशिवाय ती औषधात घालत नाहीत. शोधनाची एक रीत अशी : कोरडी पाने फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात भिजवायची आणि पिळायची. पहिले पाणी गडद हिरवे, जवळजवळ काळपट येते. ते ओतून पुन्हा पाणी, पुन्हा पिळणे, असे पाणी नितळ येईपर्यंत. मग पाने वाळवून मंद आचेवर गाईच्या तुपात परततात. पाने कुरकुरीत झाली की बोटात चुरगळून बघतात आणि उतरवतात. या कृतीमागचे रसायन समजून घेणे फार गरजेचे आहे. टीएचसी पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. आणि कच्च्या पानातले तिचे आम्लरूप उष्णतेनेच नशा आणणाऱ्या रूपात बदलते. म्हणजे पिळलेल्या पाण्याबरोबर इतर द्रव्ये आणि हिरवा गाळ जातो, टीएचसी मागे राहते आणि तुपात परतताना अंगी लागण्याजोगी होते. शोधन केले म्हणजे नशा गेली, ही समजूत चुकीची आहे आणि त्या समजुतीवर लहान मुलाला चूर्ण देणे धोक्याचे.

आजच्या कायद्यातही ही सावधगिरी उतरली आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ अनुसूचीत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे. तीत अफू, धोत्रा, गुंज, बिब्बा यांच्या पंगतीला भांग बसते. भांग असलेल्या पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापावी लागते. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना हा भाग रसशास्त्रात (औषधे बनवण्याच्या शास्त्रात) आणि अगदतंत्रात (विषांच्या शास्त्रात) शिकावा लागतो. महाराष्ट्रातील आयुर्वेद महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकचेच, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला, १९९८ मध्ये स्थापन झालेले. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. विजयेविषयी जाणत्या माणसाला विचारायचे झाले तर नाशिककराला लांब जावे लागत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात ही वनस्पती भारतातूनच गेली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील आयरिश डॉक्टर विल्यम ब्रूक ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये धनुर्वात, संधिवात, पटकी आणि तान्ह्या मुलांचे झटके यांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आधी प्राण्यांवर, मग माणसांवर, असा त्यांचा क्रम होता. त्यानंतर गांजाचा अर्क विलायतेतल्या औषधालयांत पोहोचला. अमेरिकेच्या औषधकोशात तो १८५० पासून १९४२ पर्यंत होता. मागे पडला त्याला कायद्याइतकेच दुसरेही कारण होते : दर खेपेच्या अर्काची तीव्रता वेगळी निघे. एका बाटलीने काहीच होत नसे, दुसऱ्या बाटलीच्या तेवढ्याच थेंबांनी रोगी बरळू लागे.

आज काय सिद्ध आहे

सर्वांत भक्कम पुरावा सीबीडीचा, आणि तोही अपस्माराच्या दुर्मिळ, औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारांत. ड्रॅव्हे सिंड्रोम (लहानपणी सुरू होणारा गंभीर अपस्मार) असलेल्या १२० मुलांवर व तरुणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सीबीडी घेणाऱ्या गटात महिन्याच्या झटक्यांची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. नुसते गोड पातळ औषध घेणाऱ्या गटात ती १४.९ वरून १४.१ झाली. जून २०१८ मध्ये अमेरिकेने एपिडायोलेक्स या औषधाला ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन आजारांसाठी मान्यता दिली, २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिससाठीही. हे औषध म्हणजे तिळाच्या तेलात मिसळलेले शुद्ध सीबीडी, दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम.

आता "थोडी"चा हिशेब करू. सुरुवातीचा डोस वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅम, पुढे सहसा १०, गरजेप्रमाणे त्याहून अधिक. वीस किलोच्या मुलाला १० च्या हिशेबाने रोज २०० मिलिग्रॅम लागतात. ऑनलाइन घेतलेल्या तेलाच्या ३० मिलिलिटरच्या बाटलीवर एकूण १,००० मिलिग्रॅम लिहिलेले असेल, तर ती बाटली पाच दिवसांत संपेल. जिभेखाली रोज दोन थेंब टाकणारे आईवडील मुलाला त्या मात्रेच्या जवळपासही नेत नाहीत. आणि त्या तेलात टीएचसी असेल, तर वाढत्या मेंदूला नको ते मात्र मिळत राहते. या भरवशावर फिटच्या चालू गोळ्या बंद केल्या, तर एकामागून एक झटके येऊन जीव जाऊ शकतो. हे लिहिताना हात कचरतो, कारण असे करणारे आईवडील निष्काळजी नसतात. सगळे उपाय करून थकलेले असतात.

केमोथेरपीनंतरच्या मळमळीसाठी टीएचसीची कृत्रिम रूपे, ड्रोनाबिनॉल आणि नॅबिलोन, अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहेत; मात्र त्यानंतर आलेली नवी उलटीरोधक औषधे अधिक प्रभावी असल्याने यांचा नंबर मागे लागतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंच्या ताठरपणावर टीएचसी आणि सीबीडी निम्मे-निम्मे असलेला तोंडात मारायचा फवारा ब्रिटनमध्ये २०१० पासून मिळतो. प्रौढांच्या जुनाट वेदनेत काही रुग्णांना उतार पडतो, पण तो माफक असतो. निद्रानाश, चिंता, मधुमेह यांबद्दलचे दावे पुराव्याच्या पुढे धावतात. कॅन्सर बरा होतो या दाव्याला माणसांवरील चाचण्यांचा आधार नाही. कॅन्सर आणि अपस्मार बरे करण्याची जाहिरात करणे तर १९५४ च्या जादूटोणासदृश उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने मुळातच मना आहे.

हेंपच्या, म्हणजे याच वनस्पतीच्या नशा न आणणाऱ्या प्रकाराच्या, बियांचे तेल ही आणखी वेगळी गोष्ट. बी, बियांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून देशात नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. त्यात नशा नाही आणि कामापुरते सीबीडीही नाही. जवसाच्या चटणीसारखे ते अन्न आहे, औषधाच्या किमतीला घेऊ नये.

कायदा

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, चरस आणि गांजा येतात. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बी गांजाच्या व्याख्येत नाहीत. भांग त्या फटीतून बाहेर राहते. पण म्हणून महाराष्ट्रात ती मोकळी नाही. राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांग बनवायला, बाळगायला किंवा विकायला परवाना लागतो. गांजा एक किलोपर्यंत "अल्प प्रमाण" आणि २० किलोंपेक्षा जास्त असल्यास "व्यापारी प्रमाण" धरतात. अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, व्यापारी प्रमाणाला १० ते २० वर्षे. घरच्या रुग्णासाठी कुंडीत झाड लावले, हा बचाव कोर्टात टिकणारा नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातील डोंगरपट्ट्यात, गांजाच्या शेतांवर पोलिसांची कारवाई वारंवार होते. औषधी व शास्त्रीय उपयोगासाठी कायद्याने दार ठेवले आहे, पण त्याची किल्ली परवानाधारकाकडे असते. विजयेच्या पानांचे आयुर्वेदिक अर्क मात्र पाने गांजाच्या व्याख्येबाहेर असल्यामुळे बाजारात आले आहेत.

नाशकात प्रत्यक्ष

नाशिककराचा या वनस्पतीशी वैद्यकीय संबंध औषधापेक्षा बाधेतून जास्त येतो. महाशिवरात्रीला, किंवा रंगपंचमीला तिवंधा आणि शनी चौकातल्या रहाडींत (जमिनीतल्या रंगाच्या हौदांत) उड्या मारून झाल्यावर, कोणी थंडाईतून भांग घेतलेली असते. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. प्यायलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास घेते. "काहीच होत नाही" म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, वेळ थांबल्यासारखी वाटते आणि आपण मरतोय अशी खात्री होते. अशा माणसाला शांत, अंधूक खोलीत कुशीवर निजवावे, जवळ कोणीतरी बसावे आणि "उतरेल, मी इथेच आहे" हे पुन्हा पुन्हा सांगावे. लिंबू, चिंच, ताक यांनी उतरते असे घरोघरी मानतात; शुद्धीवर असलेल्याला ताक द्यायला हरकत नाही, गुंगीत असलेल्याच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये. छातीत दुखत असेल, हाक मारून उठत नसेल किंवा मुलाच्या पोटात भांग गेली असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. लहान मूल भांगेने बेशुद्ध पडते, श्वासही मंदावतो.

कॅन्सरच्या असह्य वेदनेवर इथल्या रुग्णाचे खरे औषध मॉर्फिन आहे. एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर ते मिळवण्याची वाट सोपी झाली. त्या दुरुस्तीने आलेल्या आवश्यक अमली औषधांच्या यादीत मॉर्फिन आहे, गांजा नाही. "आम्ही अजून तिथवर आलो नाही" म्हणत मॉर्फिन नाकारायचे आणि चोरून आणलेला गांजा द्यायचा, हा उलटा व्यवहार घराघरांत होतो. डॉक्टरांकडे मॉर्फिनबद्दल स्वतःहून विचारावे.

विजयेची कोणतीही औषधे घेणाऱ्याने बाटली डॉक्टरांना दाखवावी. सीबीडीमुळे क्लोबाझाम या फिटच्या गोळीची गुंगी वाढते, व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या फिटच्या औषधाबरोबर यकृताला इजा होऊ शकते, वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याचे रक्त जास्त पातळ होऊ शकते. गरोदरपणात, स्तनपानात, हृदयविकारात आणि घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असल्यास टीएचसी टाळावे. पंचविशीच्या आतल्या मुलांनीही. ऑपरेशनच्या आधी तर भूल देणाऱ्या डॉक्टरला भांग किंवा गांजा केव्हा आणि किती घेतला हे सांगायलाच हवे, कारण नेहमी घेणाऱ्याला भुलीचे औषध जास्त लागू शकते आणि नाडी अचानक वाढू शकते. नातेवाइकांसमोर लाज वाटत असेल, तर त्यांना बाहेर थांबायला सांगून एकट्याने सांगावे.