दोनशे विद्यार्थी, दोनशे पेपर

बहुपर्यायी परीक्षेत उत्तरावर केलेली पेन्सिलीची खूण यंत्राने वाचायची, या कल्पनेच्या मुळाशी एक खोडी आहे. रेनॉल्ड जॉन्सन नावाचा अमेरिकन मुलगा, बहिणींना भेटायला येणाऱ्या पोरांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवायचा. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट विजेचं वाहक. ठिणगी पडण्याऐवजी वीज रेघेवरून निसटायची आणि गाडी काही केल्या सुरू व्हायची नाही. पुढे मिशिगनमध्ये विज्ञान शिकवताना त्याने हीच युक्ती पेपर तपासायला लावली: जिथे खूण, तिथून वीज वाहणार. 1938 मध्ये आयबीएमने ते यंत्र 805 या नावाने बाजारात आणलं. (1956 मध्ये आलेली पहिली हार्ड डिस्क ज्या गटाने बनवली, त्याचा प्रमुखही हाच खोडकर.)

आता वीज सोडावी लागत नाही. साधा स्कॅनर आणि ‘ऑटो मल्टिपल चॉइस’ किंवा ‘आर-एक्झाम्स’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. कागद स्कॅनरमध्ये तिरका गेला तरी बिघडत नाही. ‘ऑटो मल्टिपल चॉइस’ पानाच्या चार कोपऱ्यांत छापलेली वर्तुळं शोधतं, त्यांच्यावरून पान किती कललंय ते काढतं आणि मग एकेका चौकटीत काळा भाग किती ते मोजतं. ठरवलेल्या मर्यादेहून जास्त काळं असेल तर खूण आहे, नाहीतर नाही. विद्यार्थी चुकला तर काय? ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक विद्यापीठात वापरात असलेल्या ‘आर-एक्झाम्स’मध्ये उत्तरावर फुली मारायची असते. फुली चुकली तर तीच चौकट पूर्ण काळी करायची. पूर्ण भरलेली चौकट म्हणजे रद्द. आपल्याकडे गोळा पूर्ण काळा करायची सवय लागलेल्यांची तिथे पंचाईतच होईल!

पण तपासणी हा यातला सोपा भाग. खरी गंमत पेपर काढण्यात आहे. अ, ब, क, ड असे चार संच काढले की आपल्याच संचाचा जुळा भाऊ कुठल्या बेंचवर बसलाय, हे पोरं पाच मिनिटांत हेरतात. इथे प्रत्येकाचा पेपर वेगळा छापता येतो आणि तो कोणता, हे पानाच्या माथ्यावरच्या बारीक चौकटींवरून सॉफ्टवेअर ओळखतं. 20 प्रश्नांचे क्रमच 24,000 कोटी कोटींहून जास्त होतात. शिवाय गणितातले आकडेही बदलता येतात. एकाला 10,000 रुपयांवर 8 टक्क्यांनी दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज विचारलं, तर शेजाऱ्याला 7 टक्क्यांनी. पहिल्याचं उत्तर 1,664, दुसऱ्याचं 1,449. चुकीचे पर्यायही त्याच हिशेबाने तयार होतात: सरळव्याज काढणाऱ्यासाठी 1,600 आणि 1,400 वाट बघत असतात.

अंदाजपंचे दाहोदरसे करणाऱ्यांचं काय? चार पर्यायांचे 20 प्रश्न आहेत आणि पास व्हायला 8 बरोबर हवेत, असं धरा. नुसतं ‘अडम तडम तडतड बाजा’ म्हणत खुणा केल्या तरी पास होण्याची शक्यता सुमारे 10 टक्के निघते. म्हणजे काहीही न वाचलेले पाचशे जण बसवले, तर पन्नासएक पास. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 आणि चुकीला उणे 1 असल्यामुळे दर चार अंदाजांमागे सरासरी 1 गुण पदरात पडतोच. निगेटिव्ह मार्किंगला घाबरून, दोन पर्याय खात्रीने बाद केलेले असतानाही प्रश्न सोडून देणारी मुलं मला नेहमी भेटतात. हिशेब त्यांच्या विरोधात जातो.

निकालानंतर हे सॉफ्टवेअर शिक्षकाचीही परीक्षा घेतं. एकदा मी दोनशे जणांच्या वर्गाला विचारलं होतं, महाबळेश्वरला पाणी साधारण किती अंशांना उकळेल? पर्याय होते: अ) 105, ब) 100, क) 95, ड) उकळणारच नाही. प्रश्न चांगला होता की नाही हे बघायला एकूण गुणांत वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के, म्हणजे इथे 54-54 जण, वेगळे काढतात. चांगला प्रश्न वरच्यांना जास्त जमायला हवा. माझ्या प्रश्नात वरच्या गटातल्या 12 जणांचं उत्तर ‘बरोबर’ आलं, खालच्या गटातल्या 30 जणांचं. फरक भागिले 54, म्हणजे उणे 0.33. हुशार मुलांना न आलेला आणि ढकलगाडीवाल्यांना आलेला प्रश्न! दहा मिनिटं मी वर्गाला मनातल्या मनात बोल लावले. मग उत्तरतालिका उघडली. क ऐवजी मीच ब टाइप केलं होतं. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी शंभराच्या आत, 95 च्या आसपास उकळतं, हे मुलांना नीट कळलं होतं. एक अक्षर बदललं आणि दोनशेच्या दोनशे पेपरांचे गुण पुन्हा निघाले. हाताने तपासले असते तर दोन रात्री गेल्या असत्या, किंवा खरं सांगायचं तर चूक कळलीच नसती.

कोणता पर्याय किती जणांनी निवडला, याच्या तक्त्यात ‘ड’समोर शून्य होतं. दोनशेपैकी एकानेही तो निवडला नव्हता. तो पर्याय मी गंमत म्हणून टाकला होता. म्हणजे माझा प्रश्न चार पर्यायांचा नव्हताच, तीनचा होता, आणि अंदाज लागण्याची शक्यता 25 टक्क्यांवरून 33 वर मीच नेऊन ठेवली होती.