जुन्या तंतुवाद्यांचा संग्रह

व्हायोलिन, चेलो, गिटार, मॅन्डोलिन अशी जुनी वाद्ये शोधणे, पारखणे, विकत घेणे आणि सांभाळणे, असा हा छंद आहे. अनेकांच्या बाबतीत तो व्यापारही असतो. ‘जुने’ कशाला म्हणायचे हे वाद्यागणिक बदलते. व्हायोलिनच्या दुनियेत शंभर वर्षांचे वाद्य पोरसवदा समजतात. सपाट, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार मात्र १९५० च्या सुमारासच बाजारात रुळली, म्हणून तिथे १९६५ ची गिटारही वडीलधारी ठरते.

या छंदाचा उगम इटलीतल्या क्रेमोना गावात शोधतात. तिथला वाद्यकार अंतोनियो स्ट्राडिव्हारी १७३७ मध्ये वारला. त्याच्या कार्यशाळेत उरलेली वाद्ये, साचे आणि हत्यारे १७७५ च्या सुमारास काउंट कोत्सिओ दी सालाबुए याने विकत घेतली. हाती आलेल्या वाद्यांची मापे, लेबले, दुरुस्त्या तो लिहून ठेवी आणि त्याच्या या टिपणांचा जाणकारांना आजही उपयोग होतो. पुढे लुईजी तारीझिओ या फिरत्या व्यापाऱ्याने अशी वाद्ये गोळा केली. १८५४ मध्ये तो मरण पावल्यावर पॅरिसचा वाद्यकार व्हियोम याने त्याच्या वारसांकडून सगळा साठा उचलला. त्यातच १७१६ चे ‘मसाया’ हे व्हायोलिन होते. ते आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेआड आहे आणि जवळजवळ न वाजवलेले आहे. वाद्याचे असे कौतुक करावे की कीव, हे ज्याने त्याने ठरवावे.

संग्राहकांचा खरा वाद ‘अस्सल’ या शब्दाभोवती फिरतो. स्ट्राडिव्हारीच्या बहुतेक व्हायोलिनांची मान पुढच्या काळात बदलली गेली आहे. सभागृहे मोठी झाली, तारांवरचा ताण वाढला, तशी मान लांब आणि तिरकी केली आणि वरच्या फळीच्या आतली आधारपट्टीही जाड बसवली. एवढे होऊनही वाद्य स्ट्राडिव्हारीचेच म्हणवते. गिटारवाले मात्र एका खुंटीसाठी अडून बसतात. जुनी काढून अधिक चांगली खुंटी लावली, तरी किंमत उतरते. नव्याने रंगवलेली गिटार साधारण निम्म्या भावाला जाते, हा व्यापारातला ठोकताळा. उलट १९५८ ते १९६० दरम्यानच्या गिब्सन लेस पॉल ‘बर्स्ट’ (कडेला गडद, मधे फिकट रंगाच्या) गिटारींचा लाल रंग उन्हाने विटतो आणि प्रत्येकीवर वेगळा उतरतो. ही रंगातली खोट, पण लोक आता तिच्याचसाठी पैसे मोजतात.

पारख करताना लेबलावर विसंबणारा हमखास फसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मनी आणि फ्रान्समधल्या कारखान्यांनी स्ट्राडिव्हारीच्या नावाची लेबले डकवलेली व्हायोलिने ढिगाने बाहेर काढली. त्यांतल्या कित्येक लेबलांवर खाली बारीक अक्षरांत ‘जर्मनी’ असेही छापलेले सापडते. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्यात आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले, त्याची ती खूण. म्हणजे असे वाद्य त्यानंतरचे आणि बहुधा निर्यातीसाठी केलेले.

इलेक्ट्रिक गिटारचे झाकण काढले की आत आवाज कमीजास्त करण्याच्या ‘पॉट’वर आकडे दिसतात. १३७६६१२ असे असेल तर १३७ हा पॉट बनवणाऱ्या सीटीएस कंपनीचा क्रमांक, ६६ म्हणजे १९६६ आणि १२ म्हणजे बारावा आठवडा. जवळच सोल्डरचा डाग मूळचाच, झिलई न मोडलेला असेल, तर तो भाग कुणी बदललेला नाही असे मानायला आधार मिळतो. व्हायोलिनच्या स्प्रूस या सूचीपर्णी लाकडाच्या फळीवरची, झाडाच्या वाढीची वार्षिक कडी मोजूनही असाच काळ काढतात. ‘मसाया’ खरे आहे का अशी शंका निघाली, तेव्हा त्यातले सर्वांत अलीकडचे कडे १६८० च्या दशकातले निघाले. मात्र दोन्ही पुरावे एवढेच सांगतात की वस्तू त्याआधीची नाही. ती नंतर कधी घडली आणि कुणी घडवली, हे त्यांना सांगता येत नाही.

सांभाळण्यात हवेतला ओलावा सर्वांत त्रासदायक. तो ४५ ते ५५ टक्क्यांदरम्यान ठेवतात. फार कोरडेपणात फळी तडकते, दमटपणात सरसाचे सांधे सुटतात. सुटणे त्यातल्या त्यात बरे, कारण सरस ऊब आणि ओलाव्याने उकलून पुन्हा लावता येतो. आधुनिक चिवट गोंदाने केलेली घाईची डागडुजी ही खरी नासधूस. सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्या कुजू लागल्या की त्यांतून आम्लाची वाफ निघते आणि जवळचा धातू गंजतो, म्हणून असे वाद्य बंद पेटीत इतरांजवळ ठेवत नाहीत.

सीमेपलीकडे न्यायचे तर कागदपत्रे लागतात. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून साइटिस या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. हस्तिदंत आणि कासवाच्या कवचाचे कामही याच करारात अडकते. गिटारची फळी १९४० ची असली, तरी ते सिद्ध करण्याचे ओझे मालकावरच पडते.

जुन्याचा आवाज खरोखर श्रेष्ठ असतो का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ वादकांनी डोळ्यांवर गडद चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवली. त्यांत तीन नवी होती. बहुतेकांनी नव्यांपैकी एखादे पसंत केले, आणि सर्वांत नावडते ठरले ते स्ट्राडिव्हारीचे.